गेलेला आवाज

अल्लादियाखाँ यांचा जन्म १८५५ साली राजस्थानातील उणियारा या गावी झाला. घराणे गवयांचे होते. वडील लवकर वारले. तेव्हा चुलते जहांगीरखाँ यांनी त्यांना गाणे शिकवले. आधी कित्येक वर्षे धृपद आणि मग ख्याल असा तो क्रम होता. रोज रियाज करावा लागे. रियाज हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. चारपाच स्वरांची एक ओळ घ्यायची आणि ती गळ्यात बसेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणायची. ऐकणाऱ्याला कंटाळा येईल, असेच हे काम!

तरुणपणी खाँसाहेब आमलेटा नावाच्या एका लहान संस्थानात राहिले. तेथील राजाला गाण्याचे फार वेड होते. त्याच्यासाठी खाँसाहेबांना अतोनात गावे लागले. शेवटी त्यांचा आवाज बसला. औषधाने लगेच बरा व्हावा, असा तो बसला नव्हता. गवयाचा आवाज गेला, म्हणजे त्याची भाकरीच गेली.

खाँसाहेबांनी रियाज सोडला नाही. पुष्कळ दिवसांनी आवाज परत आला, पण तो पहिला आवाज नव्हता. पूर्वीचा गोडवा आणि लवचिकपणा त्यात उरला नव्हता. जुन्या पद्धतीचे गाणे आता त्या गळ्याला शोभेना. मग या नव्या आवाजाला काय जमते, ते खाँसाहेब रोज शोधू लागले. पाठ केलेल्या स्वरांच्या ओळी त्यांनी उलटसुलट जोडून पाहिल्या. तान सरळ न नेता ती वळणावळणाने नेली, तबल्याच्या मात्रांशी घट्ट विणली. अशा रीतीने एक नवी गायकी तयार झाली. पुढे तिला जयपूर-अत्रौली घराणे हे नाव मिळाले. बसंत आणि केदार हे दोन राग एकत्र गुंफलेला बसंती केदार या घराण्यात आवडीने गायला जातो.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी खाँसाहेबांना दरबार गायक नेमले. १९२२ साली महाराज वारले. नंतर खाँसाहेब मुंबईला गेले.

त्याआधी एकदा ते औषधोपचारासाठी सांगलीला राहिले होते. तेथे गोव्याकडची एक मुलगी गाण्याची मेहनत करत असे. तिचा आवाज त्यांच्या कानी पडला. ते आपण होऊन तिला शिकवू लागले. तीच पुढे मोगूबाई कुर्डीकर या नावाने प्रसिद्ध झाली.

म्हातारपणी खाँसाहेबांनी आपली जीवनकथा नातवाला सांगितली. नातवाने ती उर्दूत लिहून घेतली. १९४६ साली मुंबईत खाँसाहेबांचे निधन झाले.