एकोणतिसाव्या वर्षी पाढे पाठ करणारे साहेब

गणिताचं नाव काढलं की आजही भलीभली मोठी माणसं गप्प होतात. शाळेत पाढे चुकले, छडी बसली आणि तेव्हापासून हिशेबाचा कागद दुसऱ्याकडे सरकवायची सवय लागली ती कायमची. अशांनी रोजनिशीसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या सॅम्युअल पीप्स यांची ही बाजू जरूर वाचावी.

पीप्स यांचा जन्म २३ फेब्रुवारी १६३३ रोजी लंडनमध्ये झाला. वडील शिंपी. मुलगा हुशार निघाला, केंब्रिजला जाऊन पदवीधर झाला. पण तिथल्या शिक्षणात सगळा भर लॅटिन-ग्रीकवर. आकडेमोड म्हणजे दुकानदार आणि खलाशांचं काम, असाच समज होता. त्यामुळे १६६० मध्ये नात्यातल्या एका बड्या सरदाराच्या शब्दावर ते आरमाराच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर बसले, तेव्हा या पदवीधराला साधे पाढेही येत नव्हते!

कचेरीत रोज लाकूड, दोर, डांबर यांची खरेदी चाले. हिशेब न कळणाऱ्या साहेबाला व्यापारी कसे गुंडाळतात, हे वेगळं सांगायला नको.

जुलै १६६२ मध्ये पीप्स यांनी शिकवणी लावली. पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण मिळालं, तो हा काळ. शिक्षक होते ‘रॉयल चार्ल्स’ जहाजावरचे कूपर, हुद्द्याने पीप्स यांच्यापेक्षा कितीतरी खालचे. पहिला धडा पाढ्यांचा. वय २९. पहाटे चारला उठून साहेब पाढे घोकत बसायचे. गणितात आपलं घोडं नेमकं कुठे अडतंय, हे त्यांना कळलं होतं. अडत होतं ते फक्त पाढ्यांवर. आठवडाभरात तेही जवळपास तोंडपाठ झाले.

शिकलेलं लगेच कामी आलं. ऑगस्टमध्ये जहाजबांधणीतले जाणकार अँथनी डीन यांनी त्यांना जंगलात नेलं आणि लाकूड मोजताना राजाला कसं फसवलं जातं ते दाखवलं. आता ते त्यांना समजू शकत होतं.

पुढच्या वर्षी त्यांनी पत्नी एलिझाबेथ यांनाही हिशेब शिकवला. बेरीज, वजाबाकी, गुणाकार चांगले जमू लागले. भागाकाराचा त्रास मात्र इतक्यात द्यायचा नाही असं ठरवून पीप्स यांनी पृथ्वीचा गोल समोर ठेवला आणि नवा विषय सुरू केला. शिकणाऱ्याचा उत्साह टिकवायची ही साधी युक्ती आजही उपयोगी आहे.

पुढे खलाशी होऊ पाहणाऱ्या मुलांसाठी १६७३ मध्ये लंडनला गणिताची शाळा निघाली, त्यात पीप्स यांचा मोठा वाटा होता. १६८४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. न्यूटन यांच्या ‘प्रिन्सिपिया’च्या मुखपृष्ठावर छपाईची परवानगी देणारे म्हणून त्यांचंच नाव आहे.

१६९३ मध्ये, साठीत, त्यांनी फाशांच्या खेळातलं एक कोडं थेट न्यूटनना पत्राने विचारलं. पीप्स यांचा स्वतःचा अंदाज चुकीचा निघाला. न्यूटन यांचं उत्तर आलं, तेही नीट उमगलं नाही. तेव्हा मान डोलावून गप्प न बसता त्यांनी पुन्हा पत्र लिहून समजावून मागितलं, आणि न्यूटननी ते समजावूनही दिलं.

२६ मे १७०३ रोजी पीप्स यांचं निधन झालं.