विश्लेषण : बी.एड.च्या पदवीवर ज्यांचे नाव, ते स्वामी रामानंद तीर्थ मुळात शाळेचे मुख्याध्यापक! मराठवाड्याच्या शिक्षकांचा प्रश्न त्यांनी कसा हाताळला?

हदगाव तालुक्यातील एखादी तरुणी बी.एड. पूर्ण करते, तेव्हा तिच्या गुणपत्रिकेवर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ हे नाव असते. हे नाव बहुतेकांना हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी म्हणून माहीत आहे. दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन होते, स्वामीजींच्या प्रतिमेला हार घातला जातो, लढ्याची आठवण सांगितली जाते. मात्र लढ्यात पूर्णवेळ उतरण्याआधी सुमारे नऊ वर्षे स्वामीजी शाळेत शिकवत होते. लढा संपल्यानंतर नांदेडमध्ये कॉलेज उभे राहिले, त्यामागेही तेच होते. शाळांना शिकवणारी माणसे कुठून आणायची, हा प्रश्न या दोन्ही कामांच्या मुळाशी होता.

स्वामीजी मूळचे कोण?

त्यांचे मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी आजच्या कर्नाटकातील सिंदगी येथे झाला. शालेय शिक्षणाचा मोठा भाग सोलापुरात झाला. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले. त्याचा या शाळकरी मुलावर इतका परिणाम झाला, की लग्न न करता आयुष्य देशकार्याला द्यायचे असे त्याने ठरवले. पाठोपाठ असहकाराची चळवळ आली आणि सरकारी शाळा सुटली.

पुढचे शिक्षण पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात झाले. हे विद्यापीठ १९२१ मध्ये असहकाराच्याच वातावरणात स्थापन झाले होते. सरकारी शाळा-कॉलेजांवर बहिष्कार टाकणाऱ्या मुलांनी शिकायचे कुठे, या प्रश्नाचे ते उत्तर होते. तिथल्या पदवीला त्या काळी सरकारी मान्यता नव्हती, त्यामुळे तिच्या जोरावर सरकारी नोकरी मिळणार नव्हती. पण गावोगावी निघालेल्या राष्ट्रीय शाळांना शिक्षक हवे होते आणि अशा विद्यापीठांतून बाहेर पडलेले तरुण त्या कामासाठी तयार होते.

शिक्षणानंतर व्यंकटेश खेडगीकर कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासोबत काम करू लागले. आजारपणामुळे ते काम थांबले. त्यानंतर त्यांनी निजामाच्या मुलखातील एका लहान गावाची वाट धरली.

निजामी राजवटीत शिक्षकांची अडचण काय होती?

हैदराबाद संस्थानात तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी प्रजा बहुसंख्य होती, तर राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ ही एका अर्थाने मोठी घटना होती. इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेत सर्व विषय शिकवणारे ते देशातील पहिले आधुनिक विद्यापीठ. पण ती भाषा उर्दू होती. मराठी मुलाला प्राथमिक शाळेच्या पुढे जायचे, तर उर्दूतूनच जावे लागे.

याचा फटका विद्यार्थ्यांइतकाच शिक्षकांनाही बसला. मराठी घरातला मुलगा शिकून शिक्षक झाला, तरी गणिताचे, भूगोलाचे, इतिहासाचे शब्द तो उर्दूतच शिकलेला असे. तेच विषय मराठीत शिकवायचे, तर त्यासाठी त्याला तयार करणारी उच्च शिक्षणाची संस्था संस्थानात नव्हती. खासगी शाळा काढायची तर परवानगी लागे आणि त्या शाळेवर सरकारची नजर असे.

हदगावचे उदाहरण घेतले, तर हा फरक नकाशावरही दिसतो. तालुक्याच्या उत्तरेला पैनगंगा वाहते. तेव्हा ती निजामाच्या राज्याची सीमा होती. पलीकडे उमरखेड, म्हणजे इंग्रजांच्या कारभाराखालील वऱ्हाड. नदीच्या दोन्ही काठांवरच्या घरांत बोली एकच होती, पण मुलांच्या शाळेचा रस्ता वेगळा होता.

हिप्परग्याची शाळा वेगळी कशी?

आजच्या धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यात हिप्परगा हे गाव आहे. तिथे १९२१ मध्ये व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा सुरू केली होती. १९२९ मध्ये खेडगीकर या शाळेत आले आणि तिचे मुख्याध्यापक झाले. त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे हेही इथेच त्यांना मिळाले. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला खेडगीकरांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. भगवी वस्त्रे आली, तरी खडू-फळा सुटला नाही.

शिक्षक आणि मुले एकत्र राहत होती, हे या शाळेचे वैशिष्ट्य. आजच्या भाषेत सांगायचे तर इथे नवा शिक्षक एकटा पडत नव्हता. दिवसभर शिकवायचे, संध्याकाळी त्याच मुलांमध्ये आणि त्याच सहकाऱ्यांमध्ये राहायचे. कोणता धडा कळला, कोणते मूल मागे पडले, हे लपून राहत नसे. त्या काळी संस्थानातील मराठी शिक्षकाला प्रशिक्षणाची जी सोय उपलब्ध नव्हती, तिची काही भरपाई या सहवासातून होत होती.

या शाळेला मर्यादाही होती. राष्ट्रीय शिक्षण घेतलेल्या मुलांना सरकारी दारे बंद असत. पालकाने मुलाला अशा शाळेत घालायचे म्हणजे त्याच्या नोकरीची शक्यता पणाला लावायची. शिक्षकालाही वेतनाची, पेन्शनची हमी नव्हती. त्यामुळे त्यागावर चालणाऱ्या शाळा मोजक्याच राहिल्या. संपूर्ण प्रदेशाला पुरतील इतके शिक्षक तिथून मिळणे शक्य नव्हते.

अंबाजोगाईत काय घडले? शाळा का सोडली?

१९३५ मध्ये स्वामीजी आणि परांजपे अंबाजोगाईला आले. तेव्हा या गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद होते. तिथल्या योगेश्वरी नूतन विद्यालयाची जबाबदारी त्यांनी घेतली. हिप्परग्यापेक्षा हे गाव मोठे आणि आसपासच्या तालुक्यांतून मुले येण्याची शक्यताही जास्त. मराठवाड्यातील राजकीय जागृतीचे एक केंद्र म्हणून ही शाळा पुढे ओळखली गेली.

दरम्यान १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. मराठी भाषकांचे प्रश्न मांडणारी ही संस्था होती. मातृभाषेतील शिक्षण हा त्यातला एक कळीचा विषय. स्वामीजी या कामात ओढले गेले. मराठीतून शिकवायचे तर कायदा आणि राज्यकारभार बदलावा लागेल, वर्गात कितीही चांगले शिकवले तरी ते पुरणार नाही, हे दोन शाळांच्या अनुभवातून स्पष्ट झाले होते. १९३८ मध्ये ते हैदराबादला गेले. स्टेट काँग्रेसवर ती स्थापन होण्याआधीच बंदी आली होती. ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले.

पुढची दहा वर्षे तुरुंग आणि चळवळ यांत गेली. १९४६ मध्ये बंदी उठल्यावर स्टेट काँग्रेसचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी संस्थानात तिरंगा फडकवण्याच्या कार्यक्रमात त्यांना अटक झाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली आणि त्याच दिवशी त्यांची सुटका झाली.

मुक्तीनंतर कॉलेज कशासाठी?

संस्थान भारतात आले, पण शाळांमधील शिक्षकांचा प्रश्न एका दिवसात सुटणारा नव्हता. उलट तो वाढला. गावोगावी मराठी शाळांची मागणी होऊ लागली. हायस्कुलात शिकवायला पदवीधर हवेत आणि पदवी घ्यायची तर नांदेडच्या मुलाला औरंगाबाद किंवा हैदराबाद गाठावे लागे. शेतकरी कुटुंबातल्या मुलाला हे परवडणारे नव्हते. मुलींसाठी तर ती वाट जवळपास बंदच होती.

अशा वेळी १९५० मध्ये स्वामीजींच्या पुढाकाराने नांदेड एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पीपल्स कॉलेज सुरू झाले. गोदावरीकाठच्या या शहरात उच्च शिक्षणाची वाट त्यातून मोकळी झाली. हे बी.एड. कॉलेज नव्हते, पण हायस्कुलाला लागणारा पदवीधर आता जिल्ह्यातच तयार होणार होता. शिक्षक तयार करण्याच्या साखळीतली गायब असलेली मधली कडी या कॉलेजने भरली. शाळेतून कॉलेजात मुले जायची, कॉलेजातून शाळेला शिक्षक मिळायचे.

या ये-जा करण्याचे सर्वांत परिचित उदाहरण नरहर कुरुंदकर यांचे. विचारवंत म्हणून महाराष्ट्राला माहीत झालेले कुरुंदकर आधी नांदेडच्या प्रतिभा निकेतन विद्यालयात शिक्षक होते. नंतर ते पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य झाले. शाळेतला शिक्षक आणि कॉलेजातला प्राध्यापक यांच्यात आज जी भिंत दिसते, ती त्या काळच्या नांदेडमध्ये इतकी उंच नव्हती.

स्वामीजी १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादमधून लोकसभेवर निवडून गेले. हैदराबाद राज्याचे भाषेनुसार विभाजन व्हावे, ही त्यांची ठाम भूमिका होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. शिक्षणाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की शाळा, पाठ्यपुस्तके आणि शिक्षकांचे प्रशिक्षण हे सगळे आता मराठी राज्यकारभाराच्या कक्षेत येण्याची सोय झाली. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. पुढे स्वामीजी सत्तेच्या राजकारणापासून दूर झाले. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादमध्ये त्यांचे निधन झाले.

विद्यापीठाला त्यांचे नाव कधी मिळाले?

हदगावहून औरंगाबाद तीनशे किलोमीटरहून दूर. परीक्षेचे काम असो की मान्यतेचा कागद, एवढ्या लांब जाणे हा दिवसांचा आणि पैशांचा खर्च होता. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडमध्ये वेगळे विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला स्वामीजींचे नाव देण्यात आले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. या जिल्ह्यांतील बी.एड. महाविद्यालयांची संलग्नता याच विद्यापीठाकडे असते.

आज शिक्षक कसा घडतो?

व्यवस्थेचे दोन भाग आहेत. पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठीची डी.एल.एड. ही पदविका विद्यापीठाच्या नव्हे, तर राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अखत्यारीत येते. माध्यमिक शिक्षकासाठीची बी.एड. ही विद्यापीठाची पदवी आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनुसार बी.एड. एका वर्षाऐवजी दोन वर्षांची झाली. त्यात किमान २० आठवडे प्रत्यक्ष शाळेशी संबंधित कामाला द्यावे लागतात. यालाच आंतरवासिता म्हणतात.

इथे विद्यापीठ, अध्यापक महाविद्यालय आणि शाळा यांची भागीदारी कागदावर नाही, तर वर्गात दिसायला हवी. छात्राध्यापकाने पाठ टाचण काढायचे, शाळेतल्या अनुभवी शिक्षकाने वर्गात मागे बसून पाठ पाहायचा, महाविद्यालयातील प्राध्यापकाने येऊन चर्चा करायची, अशी ही रचना आहे. तीनपैकी एक जण गैरहजर राहिला, की सराव पाठ म्हणजे नुसती सह्यांची वही उरते.

नोकरीत लागल्यानंतरच्या आधारासाठीही यंत्रणा आहे. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निर्माण झाल्या. गावपातळीवर केंद्रप्रमुख आणि केंद्राच्या शिक्षण परिषदा आहेत. मोबाइलवर दीक्षा अॅपवरून प्रशिक्षण घेता येते. २०२०च्या धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असे म्हटले आहे. २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षक होण्यासाठीची किमान पदवी करण्याचे उद्दिष्टही त्यात आहे.

मग अडते कुठे?

पदवी देणारे विद्यापीठ आणि नोकरीतल्या शिक्षकाला प्रशिक्षण देणारी यंत्रणा या दोन वेगळ्या वाटा आहेत. आंतरवासिता संपली, की महाविद्यालयाचा त्या शाळेशी संबंध पुढच्या तुकडीपर्यंत थांबतो. आणि पदवी हातात पडली, की नव्या शिक्षकाचा त्याच्या प्राध्यापकांशी संबंध सुटतो. खरे तर त्याला सर्वांत जास्त मदत लागते ती नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत.

हिप्परग्यात हा प्रश्न सहवासाने सुटत होता. जिल्हाभर पसरलेल्या शाळांमध्ये तसे राहणे शक्य नाही, पण नियमित भेट शक्य आहे. अध्यापक महाविद्यालयाने आंतरवासितेच्या शाळा वर्षानुवर्षे त्याच ठेवणे, माजी विद्यार्थी शिक्षक झाल्यावर त्यांच्या वर्गाला भेट देणे, शिक्षण परिषदेत विषयाचा प्राध्यापक येऊन बसणे, यासाठी नवा कायदा लागत नाही. नांदेड ते हदगाव हे अंतर एसटीने दीड-दोन तासांचे आहे. स्वामीजी शिकवत होते तेव्हा मराठी शिक्षकाला आधार देणारे विद्यापीठ संस्थानात नव्हतेच. आज ते जिल्ह्यातच आहे. पदवीदानानंतरही ते शिक्षकाच्या वर्गापर्यंत पोहोचते का, हे मात्र हदगावसारख्या तालुक्यांतील शाळांनी आणि महाविद्यालयांनी मिळून ठरवायचे आहे.