आल्बेर काम्यू : दोन किनाऱ्यांमधला लेखक

अस्तित्ववादी कादंबरीचा विषय निघाला की सार्त्रपाठोपाठ आल्बेर काम्यूचे नाव येते. हे बिरुद त्याने मात्र कधीच मान्य केले नाही. पॅरिसमधील वादचर्चांपेक्षा अल्जीरियातील दारिद्र्याने तो अधिक घडला होता.

७ नोव्हेंबर १९१३ रोजी फ्रेंच अमलाखालील अल्जीरियात, मोंदोवी येथे त्याचा जन्म झाला. वर्षभरातच वडील मार्नच्या लढाईत जखमी होऊन वारले. आई निरक्षर, कानांनी अधू. अल्जिअर्सच्या बेल्कूर वस्तीत राहून परक्या घरांची साफसफाई करणारी. लुई जेर्मँ या प्राथमिक शाळेतील गुरुजींनी आजीची समजूत घालून त्याला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवले, म्हणून शिक्षण पुढे चालले. सतराव्या वर्षी क्षयाने गाठले आणि आवडता फुटबॉल सुटला. मृत्यू इतक्या लवकर उशाशी येऊन बसल्यावर जगण्याचा अर्थ हा त्याच्यासाठी पुस्तकी प्रश्न कसा राहणार?

त्याच्या पत्रकारितेकडे समीक्षकांचे लक्ष कमी जाते, हे आम्हा वृत्तपत्रवाल्यांना खटकते. १९३९ मध्ये काबिलियातील उपासमारीवर त्याने लेखमाला लिहिली. धान्यवाटप, मजुरी, शाळा यांचे आकडे मांडून वसाहतवादी कारभाराचे वाभाडे काढले. पुढच्याच जानेवारीत त्याच्या संपादनाखालील पत्रावर बंदी आली आणि त्याने पॅरिस गाठले. १९४२ मध्ये ‘लेत्रांजे’ ही कादंबरी आली, तिच्यामागून सिसिफसवरील निबंध. जर्मन अमलात त्याने ‘काँबा’ या भूमिगत पत्राचे संपादन केले. १९४७ मध्ये ‘ला पेस्त’ प्रसिद्ध झाली. ‘लेत्रांजे’त मारल्या गेलेल्या अरबाला लेखकाने नाव दिले नाही, हा आक्षेप आजही घेतला जातो आणि तो सहज झटकून टाकण्याजोगा नाही.

१९५२ मध्ये सार्त्रशी मैत्री तुटली. त्याहून खोल जखम अल्जीरियाची. जानेवारी १९५६ मध्ये अल्जिअर्सला जाऊन त्याने निदान सामान्य नागरिकांना मारू नका, असे दोन्ही पक्षांना विनवले. सभागृहाबाहेर त्याच्याच गोऱ्या देशबांधवांनी त्याच्या मृत्यूच्या घोषणा दिल्या. त्यानंतर तो जाहीरपणे फारसा बोलला नाही; फाशीची शिक्षा झालेल्या अल्जीरियन कैद्यांसाठी मात्र खासगीत रदबदली करीत राहिला. डाव्यांनी या मौनाला भ्याडपणा ठरवले. जन्मभूमी एकीकडे आणि न्याय दुसरीकडे, अशा पेचात सापडलेल्याविषयी तो निवाडा मला फार सोपा वाटतो.

१९५७ चे नोबेल मिळाल्यावर त्याने आभाराचे पत्र लिहिले ते जेर्मँ गुरुजींना. ४ जानेवारी १९६० रोजी मोटार अपघातात तो ठार झाला. सामानात एका अपुऱ्या कादंबरीचे हस्तलिखित सापडले. बेल्कूरचे बालपण, न पाहिलेला बाप आणि मुकी माया करणारी आई हा तिचा विषय. ती १९९४ मध्ये छापली गेली. आई त्याच्यामागे काही महिन्यांतच अल्जिअर्समध्ये वारली होती.