बिअरच्या पिंपावर तिकीट का लागायचं? गोष्ट अमेरिकेच्या पहिल्या कर आयुक्ताची

साल १८६२. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं आणि सरकारला पैसा कमी पडत होता. जुलैमध्ये अध्यक्ष लिंकन यांनी नव्या करांच्या कायद्यावर सही केली. बिअरच्या प्रत्येक बॅरलवर १ डॉलर कर लागला.

पण वसूल कोण करणार? लिंकन यांनी जॉर्ज बाउटवेल यांना निवडलं. १८१८ साली मॅसॅच्युसेट्समधल्या शेतकरी घरात जन्मलेला हा माणूस कधी कॉलेजात गेला नाही. दुकानात नोकरी केली, वकिली शिकले आणि १८५१ मध्ये राज्याचे गव्हर्नरही झाले.

पहिले कर आयुक्त म्हणून बाउटवेल यांनी अख्खं खातं शून्यातून उभं केलं आणि १८६३ मध्ये ते संसदेत गेले. एक पळवाट मात्र उरली. बिअर किती विकली, हे ब्रुअरीवालेच लिहून द्यायचे.

१८६६ मध्ये त्यावर तोडगा निघाला. आधी तिकीट विकत घ्या आणि पिंपाच्या तोटीच्या भोकावर चिकटवा. पिंप उघडलं की तिकीट फाटणार, म्हणजे ते पुन्हा वापरता येणार नाही.

१८६९ मध्ये बाउटवेल अर्थमंत्री झाले. आता याच तिकिटांचा पैसा त्यांच्या तिजोरीत येत होता.

१९०५ मध्ये त्यांचं निधन झालं. युद्धासाठी लावलेला बिअरवरचा कर मात्र टिकला. दारूबंदीचा काळ सोडला, तर पिंपांवरची तिकिटं १९५१ पर्यंत चालली.