एका डोळ्याचा सेनापती आणि पॉइंट टू-टू

कॉलेजच्या पहिल्या वर्षी एनसीसीच्या कॅम्पला मी आयुष्यात पहिल्यांदा रायफल हातात घेतली. डिसेंबरची सकाळ होती. ताडपत्रीवर पालथे पडून पंचवीस यार्डांवरच्या कागदी टार्गेटवर पाच गोळ्या झाडायच्या होत्या. रायफल चांगली चार किलोंची. खांद्याला लावताना कोपर थरथरत होते. आणि गोळी बघतो तर करंगळीच्या पेराएवढी! झाडल्यावर आवाज लवंगी फटाक्याचा, खांद्याला धक्का जवळजवळ नाहीच. एवढ्याशा गोळीसाठी हे धूड कशाला, असे मी उस्तादांना विचारले. उस्ताद जुन्या वळणाचे. त्यांनी उत्तर दिले नाही, मला संध्याकाळपर्यंत रायफली साफ करायला बसवले.

उत्तर मिळायला पुढे पंचवीसेक वर्षे गेली, आणि ते मिळाले एका इंग्रज सेनापतीचे चरित्र वाचताना. फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स हे त्याचे नाव. विलायतेत एकेकाळी शाळकरी पोरांनाही तो बॉब्ज या लाडक्या नावाने ठाऊक होता.

फ्रेडरिक रॉबर्ट्सचा जन्म ३० सप्टेंबर १८३२ चा, आपल्या कानपूरचा. बाप कंपनीच्या फौजेत मोठा अधिकारी. तान्हेपणी मेंदूज्वर झाला आणि मूल कसेबसे वाचले, पण उजव्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली. पुढे उंचीही बेताचीच राहिली. ज्या डोळ्याने बहुतेक माणसे नेम धरतात तोच डोळा गेलेला हा मुलगा उतारवयात साऱ्या इंग्लंडला नेमबाजी शिकवायला निघाला, ही नियतीची गंमतच म्हणायची.

१८५१ साली तो बंगालच्या तोफखान्यात रुजू झाला. १८५७ चा उठाव मोडणाऱ्या इंग्रजी फौजेत तो होता. दिल्लीच्या वेढ्यात लढला, लखनौच्या वाटेवर लढला, आणि २ जानेवारी १८५८ रोजी खुदागंजच्या चकमकीत त्याने व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. आपल्याकडच्या घरांत ही कहाणी दुसऱ्या बाजूने सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. खरे नाव झाले ते १८८० साली. जुलैमध्ये मैवंदला इंग्रजांचा दारुण पराभव झाला. त्यात मुंबई इलाख्याच्या पलटणी होरपळून निघाल्या. तेव्हा सुमारे दहा हजार फौज घेऊन रॉबर्ट्स काबूलहून निघाला आणि तीनशे मैलांची डोंगराळ वाट तीन आठवड्यांत तुडवून कंदाहारला पोहोचला. १ सप्टेंबरला त्याने अयूबखानाचा पराभव केला. त्या कूचेने तो घराघरांत पोहोचला.

१८८५ ते १८९३ अशी सलग वर्षे तो हिंदुस्थानचा सरसेनापती होता. लढाया यापुढे संगिनीने नव्हे, दुरून अचूक मारलेल्या गोळीने जिंकल्या जाणार, हे त्याने वेळीच ओळखले. संचलनाइतकेच नेमबाजीला महत्त्व मिळावे यासाठी तो आग्रही राहिला.

पण नेमबाजी शिकायची म्हणजे गोळ्या हव्यात, जागा हवी. लष्करी रायफलीची गोळी मैलभर जाते, तिच्यासाठी मोठे मैदान लागते. धक्का असा बसतो की नवखा माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो. यावर १८८० च्या दशकात मॉरिस नावाच्या गृहस्थाची एक युक्ती चालू झाली. मोठ्या रायफलीच्या नळीत बारीक नळी घालायची आणि छोटी काडतुसे झाडायची. ही मॉरिस ट्यूब. शिपायाच्या हातात त्याची नेहमीचीच रायफल राही. वजन तेच, चाप तोच, माशी तीच. सराव संपला की नळी काढून ठेवायची.

तोट्याची बाजूही होती. बारीक नळी लवकर मळे. ती जराशी सैल बसली तरी गोळी भलतीकडे जाई. माशी मोठ्या गोळीच्या हिशेबाने बसवलेली, त्यामुळे छोट्या गोळीचा हिशेब वेगळा मांडावा लागे. शिवाय हे सारे ज्याच्याकडे आधीच मोठी रायफल आहे त्याच्यासाठी. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने काय करायचे?

हा प्रश्न रॉबर्ट्सच्या दारात आला तो घरच्या दुःखाबरोबर. १८९९ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांनी इंग्रजी फौजेला एका आठवड्यात तीन ठिकाणी धूळ चारली. त्यांतल्या कोलेन्सोच्या लढाईत तोफा वाचवायला पुढे झालेला रॉबर्ट्सचा एकुलता उरलेला मुलगा फ्रेडी जबर जखमी झाला आणि दोन दिवसांत गेला. मरणोत्तर त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच सुमारास सदुसष्ट वर्षांच्या बापाला त्या युद्धाची सूत्रे हाती घ्यायला पाठवण्यात आले. पोरगा गेल्याचे दुःख उरात दाबून म्हातारा बोटीवर चढला.

पगारी सैनिकापेक्षा लहानपणापासून बंदूक हाताळणारा शेतकरी भारी ठरतो, हे त्याने तिथे पाहिले. परतल्यावर त्याने एकच ध्यास घेतला. कारकून, गिरणीकामगार, दुकानातला नोकर, प्रत्येकाला नेम धरता आला पाहिजे. १९०१ पासून तिकडे कामकरी माणसांचे रायफल क्लब निघू लागले, त्यांची मोठी संस्था उभी राहिली आणि रॉबर्ट्स तिचा आधारस्तंभ झाला. क्लब भरत ते वस्तीतल्या एखाद्या हॉलमध्ये नाही तर परसात. अंतर पंचवीस यार्ड. तिथे मोठी गोळी चालणार नव्हती आणि कामगाराच्या खिशाला परवडणारही नव्हती.

तिथे उपयोगी पडले रिमफायर काडतूस. याची मूळ कल्पना फ्रान्समधल्या फ्लोबेरची, १८४५ ची. काडतुसाच्या बुडाला जी कड असते तिच्या पोकळीतच ठिणगी टाकणारा मसाला भरलेला असतो. पिन त्या कडेवर आदळली की बार उडतो. रचना साधी, म्हणून स्वस्त. मात्र कड पातळ ठेवावी लागत असल्याने फार जोराची दारू तिला सोसत नाही, आणि सरावाला हवे होते ते नेमके हेच. पॉइंट टू-टू लाँग रायफल या काडतुसाची गोळी अडीच ग्रॅमच्या थोडी वर. त्या काळच्या थ्री नॉट थ्रीची गोळी चौदा ग्रॅमची.

मग वाद आला तो असा. जुन्या मोठ्या रायफलीचेच पॉइंट टू-टू करायचे, की छोटी रायफल वेगळी बनवायची? इंग्रजांनी दोन्ही केले, आणि त्यातच शहाणपण होते. १९०६ साली लष्करी खात्याने क्लबांसाठी एका छोट्या रायफलीचा नमुना मान्य केला. ती एकेरी गोळीची, हलकी, स्वस्त, पण हाताळणी लष्करी रायफलीसारखी. सैन्यासाठी मात्र १९०७ पासून जुन्या रायफलींची नळी आणि पुढचा बोल्ट बदलून त्या पॉइंट टू-टू केल्या गेल्या. बोल्ट बदलावाच लागतो, कारण मोठ्या काडतुसावर पिन मध्यावर आपटते, छोट्यावर कडेला. म्हणजे ज्याला उद्या मोठी रायफल चालवायची आहे त्याने तिच्याच अंगाखांद्याच्या रायफलीवर सराव करावा, आणि ज्याला नुसता नेम शिकायचा आहे त्याने सरळ छोटी रायफल घ्यावी. माझ्या कॅम्पातल्या धुडाचे कोडे इथे सुटले. ती रायफल मोठ्या घराण्यातली होती, फक्त पोट लहान करून घेतलेली.

इथवर वाचून मी रॉबर्ट्सच्या प्रेमात पडलो असतो. पण १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आठवणींच्या ग्रंथापाशी मी अडखळलो. दक्षिणेतल्या शिपायांत आता लढाऊ बाणा उरला नाही आणि मुंबई इलाख्यातल्या मराठ्यांतही तो मेला आहे, असे त्याचे पक्के मत होते. मत नुसते कागदावर राहिले नाही. त्याच्या कारकिर्दीत भरती उत्तरेकडे वळली, मद्रासच्या पलटणी मोडल्या. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महार समाजाची भरती बंद झाली. त्याविरुद्ध १८९४ साली गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त सैनिकाने अर्ज लिहिला. कितीतरी घरांतली रोजीरोटी आणि मान एकदमच गेला. सर्वसामान्य हिंदी माणसाला तर १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नव्हती. लंडनच्या कारकुनाला सरावाने तयार करता येते असे मानणारा हा माणूस आमच्याबाबतीत मात्र सगळे रक्तावर सोडून देतो, हे मला आजही पचत नाही.

रॉबर्ट्सचा शेवट मात्र आपल्याच माणसांजवळ झाला. नोव्हेंबर १९१४ मध्ये ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी सैनिकांना भेटायला गेला. कडाक्याच्या थंडीत न्यूमोनिया झाला आणि १४ तारखेला सेंट ओमरला तो वारला. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये त्याला पुरले.

त्याच्या मताला उत्तर देणे काळाने आपल्याकडे सोपवले होते. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. इंग्लंडमधल्या बिस्ली इथे छोट्या रायफलीच्या संस्थेच्या वास्तूला रॉबर्ट्सचे नाव आहे. त्याच बिस्लीत २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेची नेमबाजी झाली, आणि एनसीसीतून या खेळात आलेल्या मुंबईच्या अंजली भागवत यांनी तिथे चार सुवर्णपदके मिळवली. २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत पॉइंट टू-टूच्या पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने त्याच छोट्या गोळीवर कांस्यपदक आणले. तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. रॉबर्ट्सला क्लबात हवा होता तो असाच, नोकरी सांभाळून नेम शिकणारा साधा माणूस. तो आमच्याकडेही सापडेल, हे त्याला दिसले नाही.

माझ्या पाच गोळ्यांपैकी तीन कागदावर लागल्या होत्या. उस्तादांनी तो कागद मला घरी नेऊ दिला. आईने तो बरेच दिवस देवघराच्या कपाटात ठेवला होता.