फसलेल्या प्रयोगातून सापडलेला मागकाढ्या

फुप्फुस प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया यशस्वी झाली, रुग्ण श्वास घेऊ लागला, तरी डॉक्टरांची काळजी संपत नाही. नव्या फुप्फुसाला पुरेसे रक्त मिळते आहे का, हे छाती पुन्हा न उघडता कसे कळणार? त्यासाठी आज जी न्यूक्लिअर तपासणी करतात, तिचे मूळ जॉर्ज द हेवेशी यांच्या एका फसलेल्या प्रयोगात आहे.

हेवेशी यांचा जन्म १ ऑगस्ट १८८५ रोजी बुडापेस्टमधील सधन कुटुंबात झाला. १९११ मध्ये ते मँचेस्टरला अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. तिथे भरपूर शिसे पडून होते आणि त्यात ‘रेडियम डी’ हा किरणोत्सारी पदार्थ मिसळलेला होता. तो वेगळा करण्याचे काम हेवेशींकडे आले. जवळपास दोन वर्षे खटपट करूनही ते जमले नाही. जमणारही नव्हते, कारण रेडियम डी हे शिशाचेच समस्थानिक होते.

मग हेवेशींनी प्रश्नच उलटा केला. हे दोन पदार्थ वेगळे होतच नसतील, तर साध्या शिशात किंचित रेडियम डी मिसळावे. शिसे जाईल तिथे तेही जाईल आणि किरण मोजून त्याचा पत्ता लागेल. १९१३ मध्ये व्हिएन्नात फ्रिड्रिश पानेट यांच्यासह त्यांनी ही पद्धत वापरून दाखवली. घरमालकीण ताटातले उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढते, हा संशयही त्यांनी उष्ट्यात किरणोत्सारी कण टाकून खरा ठरवला, असे सांगतात.

१९२३ मध्ये त्यांनी घेवड्याच्या जातीच्या रोपांत शिसे कसे शिरते ते पाहिले. १९३५ मध्ये किरणोत्सारी फॉस्फरस उंदरांना देऊन हाडांतले अणू सतत बदलत असतात, हे सिद्ध केले. हाड म्हणजे एकदा घडलेला निर्जीव सांगाडा, ही समजूत त्यामुळे मोडली. ज्यू वंशाच्या हेवेशींना १९४३ मध्ये नाझींच्या ताब्यातील डेन्मार्क सोडून स्वीडन गाठावे लागले. त्याच वर्षाचे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना या ‘ट्रेसर’ पद्धतीसाठी मिळाले.

पुढे १९६३ मध्ये अमेरिकेत जेम्स हार्डी यांनी माणसावर पहिले फुप्फुस प्रत्यारोपण केले. तो रुग्ण १८ दिवस जगला. साधारण त्याच सुमारास फुप्फुसातील रक्तप्रवाहाचे चित्र घेण्याची तंत्रेही विकसित होत होती.

आजच्या तपासणीत अल्ब्युमिन या प्रथिनाच्या सूक्ष्म कणांना टेक्नेशियम-९९एम जोडून ते हाताच्या शिरेतून देतात. हृदयाच्या उजव्या बाजूतून ते फुप्फुसांत पोहोचतात आणि तिथल्या केशवाहिन्यांत काही काळ अडकतात. अडणाऱ्या वाहिन्या इतक्या थोड्या असतात की श्वासाला बाधा येत नाही. जिथे रक्त जास्त, तिथे कण जास्त. गॅमा कॅमेरा ते मोजतो आणि कोणत्या फुप्फुसाला किती टक्के रक्त मिळते, हे आकड्यांत सांगतो. टेक्नेशियमची किरणोत्सारिता दर सहा तासांनी निम्मी होते.

एकच फुप्फुस बदलले असेल, तर बहुतेक रक्त नव्या फुप्फुसाकडे वळते, कारण जुन्या आजारी फुप्फुसात रक्ताला अडथळा अधिक असतो. नव्याचा वाटा अपेक्षेपेक्षा कमी असेल किंवा घटत गेला, तर धमनीच्या जोडाशी अरुंदपणा आला असेल किंवा शरीर ते फुप्फुस हळूहळू नाकारत असेल. नेमके कारण सांगणे या चित्राला जमत नाही. त्यासाठी सीटी स्कॅन, श्वासक्षमता चाचणी किंवा बायॉप्सी लागते. पण कुठे आणि कधी शोधायचे, हे त्यातून कळते. वेळीच सापडलेला अरुंद जोड अनेकदा फुग्याने किंवा स्टेंटने रुंद करता येतो.

हेवेशी यांचे ५ जुलै १९६६ रोजी जर्मनीतील फ्रायबर्ग येथे निधन झाले. फुप्फुस प्रत्यारोपणानंतर रुग्ण वर्षानुवर्षे जगू लागले, ते त्यानंतर बऱ्याच काळाने, १९८०च्या दशकात.