मनाची रोजकीर्द

नागपूरहून वर्ध्यास निघालेली आगगाडी खापरी, गुमगाव मागे टाकून बुटीबोरीस येते आणि पुढे बोरखेडी, सिंदी करीत वर्ध्यास पोहोचते. बुटीबोरीच्या परिसरात आज मोठी औद्योगिक वसाहत आहे. पूर्वी तेथे रुळांच्या दोन्ही बाजूंस काळ्या जमिनीतील कपाशीची शेतेच शेते दिसत. १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत आला आणि या पांढऱ्या सोन्याला मुंबईची वाट मोकळी झाली. कापसाच्या व्यापारावर ज्या पेढ्या त्या काळी नावारूपास आल्या, त्यांपैकी एक वर्ध्याच्या शेट बच्छराज बजाज यांची होती. या पेढीचा वारस म्हणजेच जमनालाल बजाज.

जमनालालजींचा जन्म वर्ध्याचा नव्हे. राजस्थानात सीकरजवळ काशी का बास नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील कनीराम व बिरदीबाई या साध्या दांपत्याच्या पोटी ४ नोव्हेंबर १८८९ रोजी ते जन्मले. शेट बच्छराज यांचा मुलगा निवर्तला होता. त्याच्या ठिकाणी त्यांनी या बालकास नातू म्हणून दत्तक घेतले. मुलाच्या मोबदल्यात द्रव्य घेण्यास आईबापांनी नकार दिला, तेव्हा बच्छराजांनी त्या पाण्यावाचून तळमळणाऱ्या खेड्यासाठी एक विहीर बांधून दिली. अशा रीतीने, चारपाच वर्षांचा असतानाच, जमनालाल झोपडीतून हवेलीत आला.

हवेलीत कशाचीच उणीव नव्हती. शाळेत मात्र तो जेमतेम चार वर्षे गेला. पुढे पेढीवर बसून रोजकीर्द व खतावणी लिहिण्यास शिकला. जमाखर्चाची ही सवय त्याला जन्मभर पुरली, आणि ती केवळ पैशांपुरती राहिली नाही.

जमनालाल सतरा वर्षांचा असताना घरात एक प्रसंग घडला. कोठल्याशा लग्नास जावयाचे होते. नातवाने अंगावर दागिने घालून यावे, अशी बच्छराजांची आज्ञा होती. जमनालालला दागिन्यांचा तिटकारा. त्याने नकार दिला. आजोबा स्वभावाने तापट. त्यांचा संताप अनावर झाला आणि बोलता बोलता, हा मुलगा केवळ आपल्या संपत्तीसाठी या घरात राहिला आहे, अशा अर्थाचे शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडले. ते शब्द मुलाच्या काळजाला झोंबले.

त्याने तक्रार केली नाही. त्याने एक मुद्रांकित कागद घेतला आणि आजोबांच्या नावे पत्र लिहिले. त्यांच्या धनावर आपला कोणताही हक्क यापुढे राहणार नाही, आपण एक पैसाही बरोबर नेत नाही, फक्त अंगावरचे कपडे तेवढे नेत आहोत, असे त्याने त्यात स्पष्ट लिहून दिले. आणि आजोबांना सुख लाभावे, अशी इच्छाही प्रकट केली. मग तो घराबाहेर पडला.

रागाच्या भरात घर सोडणारी मुले पुष्कळ असतात. परंतु रागाने घेतलेला निर्णय आणि विचाराने घेतलेला निर्णय यांत एक भेद असतो व तो सहसा भाषेत दिसतो. रागावलेला माणूस समोरच्याचे वाईट चिंतितो, किंवा निदान त्याला पश्चात्ताप व्हावा अशी मनीषा धरतो. या पत्रात तसे काही नव्हते. शिवाय मुद्रांकित कागद निवडण्यातही विचार होता: पुढे कधी मनाला मोह पडलाच, तर परतीची वाट त्याने स्वतःच कायद्याने बंद करून ठेवली होती. सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या मनाची ही दुर्बलता आधीच ओळखावी, हे विशेष होय.

पत्र वाचून बच्छराजांचा राग क्षणात विरघळला. त्यांनी नातवाचा शोध करवून त्याला समजावून परत आणले. १९०७ साली बच्छराजांचे निधन झाले आणि सारी मालमत्ता जमनालालकडे आली. जग त्याला मालक म्हणू लागले. पण त्याला स्वतःला त्या कागदाचा विसर पडला नव्हता. जे आपण सोडले ते आपले नव्हे, आपण त्याचे केवळ विश्वस्त आहोत, असे तो मानू लागला. पुढे लोककार्यासाठी त्याने वारशाहूनही अधिक रक्कम खर्च केली.

याच सुमारास नागपूरहून लोकमान्य टिळकांच्या विचारांचे ‘हिंदी केसरी’ हे पत्र निघू लागले. जमनालालला घरून रोज एक रुपया हातखर्चास मिळत असे. तो साठवून त्याने शंभर रुपये त्या पत्रास दिले. पुढील आयुष्यात त्यांनी लाखांनी दाने केली. परंतु त्या शंभर रुपयांनी जो आनंद दिला तो लाखांनीही दिला नाही, असे ते सांगत. याचे कारण उघड आहे. लाखांचे दान देताना त्यांना स्वतःच्या जेवणाखाण्यात काही कमी करावे लागले नाही. शंभर रुपयांसाठी मात्र दिवसामागून दिवस मन मारावे लागले होते. सुखाची किंमत रुपयांत मोजता येत नाही, हे त्या हिशेबी तरुणाला असे अनुभवाने कळले.

१९१५ साली महात्मा गांधी आफ्रिकेतून परत आले. जमनालालजी एखाद्या मार्गदर्शकाच्या शोधात होतेच. परंतु घाईने कोणाच्या मागे जाणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. व्यापारी जसा माल पारखून घेतो, तसे ते आश्रमात जाऊन राहिले आणि गांधीजींचे बोलणे व वागणे परस्परांशी जुळते की नाही, हे पाहत राहिले. खात्री पटण्यास त्यांना वर्षे लागली. १९२० साली नागपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्याच्या स्वागत समितीचे अध्यक्ष जमनालालजी होते. गांधीजींना चार पुत्र होते. आपणास त्यांनी पाचवा पुत्र मानावे, अशी मागणी जमनालालजींनी तेव्हा केली. बाप मुलाला दत्तक घेतो हे सर्वांना ठाऊक आहे. येथे मुलाने बाप दत्तक घेतला.

त्यानंतरचे निर्णय भराभर झाले. सरकारने दिलेली रायबहादूर ही पदवी त्यांनी १९२१ मध्ये सोडली. पत्नी जानकीदेवींनी दागिने उतरविले, पडदा टाकून दिला. १९२३ साली राष्ट्रध्वज मिरविण्याच्या हक्कासाठी नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. त्याचे नेतृत्व केल्याबद्दल जमनालालजींना दीड वर्षाची शिक्षा व तीन हजार रुपये दंड झाला. दंड त्यांनी भरला नाही, म्हणून सरकारने त्यांची मोटार जप्त केली. परंतु ती विकत घेणारा नागपुरात कोणी मिळेना! शेवटी ती विक्रीसाठी काठेवाडात न्यावी लागली. १९२८ साली वर्ध्यातील लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुले केले. हे मंदिर बच्छराजांनीच बांधलेले. स्वजातीय लोकांनी विरोध केला, तरी ते डगमगले नाहीत. तुरुंगाहूनही आप्तांचा रोष सोसणे कठीण असते.

एवढे करूनही त्यांचे मन तृप्त झाले नव्हते, ही या चरित्रातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट होय. ते नित्यनेमाने रोजनिशी लिहीत. पेढीच्या रोजकीर्दीत जशी जमा व नावे बाजू, तसे ते आपल्या मनाचे गुणदोष त्यात उतरवीत. जग त्यांना दानशूर म्हणून गौरवीत असता, ते मात्र गांधीजींना व विनोबांना पत्रे लिहून आपल्या मनातील विकार निःसंकोच कबूल करीत. पन्नाशीनंतर ही अशांती वाढली. १९४१ साली प्रकृती ढासळल्यामुळे ते तुरुंगातून सुटले. डेहराडून येथे आनंदमयी मातेच्या सहवासात त्यांना विसावा मिळाला. परत आल्यावर काय काम करावे, याचा गांधीजींशी विचार होऊन गोसेवेची निवड झाली. अनेक उद्योगांचा व्याप असलेला हा धनिक वर्ध्याजवळ गोपुरी येथे एका साध्या झोपडीत राहू लागला. गाई पाहाव्या, गोठे पाहावे, वैरणीची चौकशी करावी, असा दिनक्रम सुरू झाला. त्यांना हवी असलेली स्वस्थता येथे मिळू लागली, असे त्यांच्या निकटवर्तीयांना दिसले.

ती फार दिवस लाभावयाची नव्हती. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यास त्यांचे अकस्मात निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय बावन्न वर्षांचे होते. झोपडीतील काम जानकीदेवींनी उचलले आणि आपल्या वाट्याची संपत्ती त्यांनी त्याच कामी अर्पण केली.